तारली उत्तरेला आली, पण उत्तरेला जमीन आहे

मालवणच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते. तारली ही मंगळूरकडची मासळी, आपल्याकडे पाहुणी म्हणून येते, असं ते म्हणत. माझ्या लहानपणी मी तिचे ढीग पाहिले, मग मध्येच ती दिसेनाशी झाली. बांगडाही आता खोलात लागतो असं ट्रॉलरवाले सांगतात. समुद्र तापतोय म्हणून मासे जागा सोडतात हे खरं का? आणि सोडून जाणार कुठे? आजोबांची मासळीच्या नोंदींची एक वही घरात आहे, तिचा काही उपयोग होईल का?"

आजोबांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते आकड्यांतही उतरलेलं आहे. तेलतारली, जिला आपण नुसतं तारली म्हणतो, ती १९८५ पर्यंत जवळजवळ सगळी मलबारच्या पट्ट्यात मिळत होती. हा पट्टा ८ ते १४ अक्षांशांचा, कन्याकुमारीपासून भटकळच्या आसपासपर्यंतचा. गोव्याच्या बाजारात तारले कधी नव्हते असं नाही, पण भटकळच्या वर मिळणाऱ्या तारलीची देशाच्या हिशेबात गणती नव्हती. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत ई. विवेकानंदन आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की २००६ साली देशातल्या तारलीपैकी सुमारे १५ टक्के १४ ते २० अक्षांशांमधून आली होती. म्हणजे कारवारपासून गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबई करत डहाणूपर्यंत. पूर्व किनाऱ्यावरही ती तमिळनाडू, आंध्र करत ओडिशाकडे चढली.

बांगड्याची गोष्टही तशीच. १९६१ ते १९७६ या काळात देशातल्या बांगड्यात वायव्य किनाऱ्याचा वाटा ७.५ टक्के होता, १९९७ ते २००६ मध्ये तो १८ टक्के झाला. आणि तुमचे ट्रॉलरवाले म्हणतात तेही नोंदवलेलं आहे. १९८५ ते १९८९ दरम्यान तळाशी ओढायच्या जाळ्यात देशातल्या बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के सापडत होता, बाकी सगळा वरच्या थरातल्या जाळ्यांत. २००३ ते २००७ मध्ये तळाच्या जाळ्यांचा वाटा १५ टक्क्यांवर गेला.

आता जरा थांबा. माझी सत्तावीस वर्षं बंदरावर मासे मोजण्यात गेली, त्यामुळे असा आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासा सरकला, की जाळं सरकलं? याच काळात कोकणात पर्ससीन वाढली, आणि तारलीचा अख्खा थवा एका वेढ्यात उचलणारं ते जाळं आहे. ट्रॉलर पूर्वी संध्याकाळी परत येत, ते आता आठ-दहा दिवस बाहेर राहतात. ट्रॉलच्या जाळ्याचं तोंड पूर्वीपेक्षा उंच उघडतं, त्यामुळे तळापासून थोडा वर फिरणारा बांगडाही त्यात येतो. म्हणून त्या १५ टक्क्यांपैकी काही भाग जाळ्याचा आहे, हे मी कोणत्याही सभेत सांगतो. पकडलेल्या मासळीचा आकडा म्हणजे मासळी कुठे राहते याचा नकाशा नव्हे.

मग खात्री कशी करायची? पाहुणा की रहिवासी, हे माशाच्या पोटात कळतं. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर मी तारलीची टोपली घेऊन बसलो होतो. पट्टीवर ठेवली की एकेक पंधरा-सोळा सेंटीमीटर भरत होती. पोटाच्या कडेने सुरी फिरवली की आत पिवळसर गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी. बहुतेकींचे दाणे अपारदर्शक होते, पण चार-पाच माद्यांमध्ये मधेमधे काचेसारखे आरपार दिसणारे दाणे होते. दाणा असा पाण्याने फुगून पारदर्शक झाला की मादी एखाद्या दिवसात अंडी सोडणार हे समजावं. सोबतच्या पोराला मी म्हटलं, ही तारली इथे फिरायला आलेली नाही, हिचं बाळंतपण इथेच आहे. नंतर ऑक्टोबरमध्ये त्याच किनाऱ्यावर बोटभर पिल्लं रापणीत आली. अशा दोन खुणा एकत्र मिळाल्या, आणि त्याही लागोपाठ काही वर्षं, की मग मी पट्टा वाढला असं लिहितो. त्याआधी नाही.

हे सरकणं घडतं कसं, याविषयी एक गैरसमज आहे. मोठे मासे बिऱ्हाड उचलून निघाले असं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. थोडं तसंही घडतं, कारण माशाला पाण्यातला अगदी किंचित फरकही कळतो. पण पट्ट्याची उत्तरेची कड वाढते ती मुख्यतः पिल्लांमुळे. तारलीचं अंडं साधारण दिवसाभरात फुटतं आणि पिल्लू प्रवाहाबरोबर जाईल तिकडे जातं. पूर्वीही काही पिल्लं मालवण-रत्नागिरीपर्यंत वाहत येत असणार, ती जगत नव्हती. पाणी अर्ध्या अंशाने ऊबदार झालं, खाणं वेळेवर मिळालं, की त्यातली काही जगतात आणि पुढच्या वर्षी तीच अंडी घालतात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उलटं होतं. तिथे मोठा मासा दिसत राहतो, कोळ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पिल्लांची भरती मात्र थांबलेली असते. दोन-तीन वर्षांनी मोठेही संपतात. तारली फार तर अडीच-तीन वर्षं जगते, म्हणून तिच्यात हा बदल लवकर दिसतो. दहा-पंधरा वर्षं जगणाऱ्या माशात तो दिसेपर्यंत एक पिढी निवृत्त होते.

माशाला ऊब सोसत नाही म्हणजे नेमकं काय? मुळाशी श्वासाचा हिशेब आहे. त्याचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. पाणी तापलं की शरीराची भट्टी जोरात चालते आणि प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमकं तेव्हाच पाण्यात तो कमी विरघळतो. २५ अंशांचं समुद्राचं पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात मावणारा प्राणवायू सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. मागणी वर, पुरवठा खाली. गाभोळी भरलेली मादी आणि अंड्यातला गर्भ यांना हा ताण सगळ्यांत आधी जाणवतो. म्हणून पट्टा ठरतो तो या दोघांच्या सोसण्यावर, धडधाकट मोठ्या माशाच्या नव्हे.

काही मासे जागा बदलत नाहीत, वेळ बदलतात. चेन्नईसमोरच्या राणी माशाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या सुमारास त्यातल्या अंड्यांवर आलेल्या माद्यांपैकी ३५ टक्के एप्रिल ते सप्टेंबर या गरम महिन्यांत सापडत होत्या. २००४ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं, बाकी सगळं प्रजनन ऑक्टोबर ते मार्चमध्ये गेलं. मासा तिथेच, बंदर तेच, पण पाळण्याचा महिना बदलला. मासेमारी बंदीचे दिवस कॅलेंडरवर छापलेले असतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै. मासे आपलं कॅलेंडर हलवत असतील तर बंदीच्या तारखा दर काही वर्षांनी पोटातली गाभोळी बघून तपासायला हव्यात, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो आहे.

जगभर पाहिलं तर समुद्रातले जीव जमिनीवरच्या जीवांपेक्षा कितीतरी वेगाने सरकत आहेत. २०१३ साली एल्विरा पोलोझान्स्का आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पट्ट्याची पुढची कड दहा वर्षांत सरासरी ७२ किलोमीटर सरकताना दिसली. जमिनीवर हाच वेग ६ किलोमीटरच्या आसपास. याचं कारण साधं आहे. आंबोलीचा घाट चढताना दीडशे मीटर उंची गाठली की हवा सुमारे एक अंशाने उतरते, जंगलातल्या कीटकाला तेवढं पुरतं. समुद्राच्या पृष्ठभागावर मात्र एक अंश थंड पाणी गाठायला शेकडो किलोमीटर जावं लागतं, आणि वाटेत डोंगर, रस्ते, शेतं असं आडवं येणारंही काही नसतं. युरोपातल्या मॅकरेलचं पाहा. २००५ साली आइसलँडच्या पाण्यात हा मासा जेमतेम काही शे टन पकडला गेला, २००८ साली लाखावर टन. मग ज्यांच्या पाण्यातून तो आला ते आणि ज्यांच्या पाण्यात गेला ते, यांच्यात कोटा वाटपावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं.

पण अटलांटिकचं हे चित्र उचलून अरबी समुद्रावर ठेवता येत नाही, आणि तुमच्या "जाणार कुठे" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अटलांटिकमध्ये मासा नॉर्वेच्या वर, ध्रुवापर्यंत जाऊ शकतो. आपला समुद्र मात्र २५ अक्षांशाच्या आसपास संपतो. वर इराण-पाकिस्तानचा मकरान किनारा आहे, गुजरात आहे. जमीन आहे. तारली डहाणूपर्यंत आली, सौराष्ट्रापर्यंत जाईल, त्यापुढे वाट नाही. शिवाय कन्याकुमारी ते द्वारका या सुमारे अठराशे किलोमीटरमध्ये पाण्याच्या वार्षिक सरासरी तापमानात ढोबळमानाने दीड-दोन अंशांचाच फरक आहे. म्हणजे समुद्र एक अंशाने तापला तर पूर्वीचं तापमान शोधायला माशाला आपला अर्धा किनारा ओलांडावा लागेल. आणि तो एक अंश भविष्यातला नाही. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी १ अंशाने तापलेला आहे, आणि जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ त्याच काळात ०.७ अंश. त्यात उत्तरेकडच्या पाण्याचा स्वभावही वेगळा. हिवाळ्यात कोरडे वारे वाहिले की गुजरातसमोरचं पाणी चांगलंच गार पडतं. वर्षभर २७ ते २९ अंशांत रमणाऱ्या तारलीला तिथला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसावे लागतात.

उत्तरेला भिंत, मग खाली जावं? बांगडा तेच करतोय असं दिसतं. पण आपल्याकडे खाली काय आहे ते एकदा पाहण्यासारखं आहे.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, पंधरा वाव पाण्यात नमुने घेत होतो. प्राणवायू मोजायची जुनी रीत अशी, की काचेची बाटली बुडबुडा न राहता तोंडोतोंड भरायची, त्यात दोन औषधं मिलीलिटरभर सोडायची, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. वरच्या पाण्याची बाटली हलवल्याबरोबर कडक चहासारखी झाली. पाच वावांवरची फिकट. तळाच्या पाण्याची बाटली उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. दुधासारखी पांढरी राहिली. रंगाचा लवलेश नाही. आणि बूच काढताना सडक्या अंड्याचा वास आला. पंधरा वाव म्हणजे सत्तावीस मीटर, वर सूर्य तळपत होता आणि पायाखाली एखाद्या उंच माडाएवढ्या खोलीवर श्वास घेण्याजोगं पाणी नव्हतं.

ही जागा काही एकटी नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खालचं गार पाणी वर चढतं. त्याच पाण्यातल्या खतावर वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती फुलतात आणि तारली त्यावर पोसते. पण अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली प्राणवायूचा दुष्काळ असलेला जगातला एक अतिशय जाड थर आहे, आणि वर चढणारं पाणी प्राणवायूला आधीच पारखं असतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे जगासमोर मांडलं, आणि गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या ठिकाणी ही मोजणी त्याआधीपासून होत आली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्थिती सगळ्यांत बिकट असते. तेव्हा बांगड्याला खाली गारवा मिळतो, श्वास मिळत नाही. वर श्वास मिळतो, पण पाणी तापलेलं. मधला जो थर उरतो तो पातळ, आणि त्या थरात दाटी झालेली मासळी जाळ्याला सोपी. कधीकधी एखाद्या आठवड्यात अचानक भरपूर मासळी लागते आणि गावात आनंद होतो. ती मासळी वाढलेली नसते, कोंडलेली असते. मला या विषयात सगळ्यांत जास्त भीती याचीच वाटते.

वर राहणाऱ्यांच्या ताटातही घट आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१६ साली दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत सूक्ष्म वनस्पती काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटल्या. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्या खतवाल्या पाण्यात ते मिसळत नाही, जशी सायीखाली दुधाची वाफ अडते.

आता तारली मध्ये गायब का झाली? इथे सगळा दोष तापमानावर टाकला तर ते खोटं होईल. केरळात २०१२ साली तारली ३.९ लाख टनांवर गेली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टन उरली. मग २०२३ मध्ये पुन्हा १.३८ लाख टन. तापमान असं दहा वर्षांत वर-खाली-वर होत नाही. तारलीचा इतिहासच लहरींचा आहे. १९४० च्या दशकातही ती इतकी घटली होती की तेव्हाच्या सरकारांनी मासेमारीवर निर्बंध घातले, आणि १९९४ सालीही तळ गाठला होता. पावसाच्या सरींची वेळ, एल निनोचं (प्रशांत महासागर तापण्याचं) वर्ष, खाणं, आणि जाळी. २०१२ नंतरच्या वर्षांत बोटभर पिल्लं टनांनी उचलली गेली, फिशमीलच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्यांकडे गेली. २०१५ चा एल निनो त्यावर येऊन पडला. केरळने त्याच सुमारास तारलीसाठी किमान १० सेंटीमीटर आकार ठरवला. माझं मत असं: तापलेला समुद्र माशाचा पट्टा ठरवतो, आणि त्या पट्ट्यात मासा किती उरेल हे बव्हंशी जाळी ठरवतात. पापलेटाबद्दल लोक मला हमखास विचारतात. तिथे तर मी तापमानाचं नावही आधी घेत नाही. आधी डोलीच्या जाळ्यात येणाऱ्या बशीएवढ्याही न झालेल्या पिल्लांकडे बोट दाखवतो. २०२३ साली पापलेटाला राज्य मासा केलं, ते पिल्लू वाचवल्याशिवाय टिकणार नाही.

हंगामावर आणखी एक घाव आहे, तो मासळीवरचा नसून कोळ्यावरचा. ऊबदार अरबी समुद्रात वादळं वाढली आहेत. २०१९ साली ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि लगोलग महा, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. नारळी पौर्णिमेनंतरचे आणि बंदीआधीचे कमाईचे आठवडे बोट बंदरात बांधून काढावे लागले, हे तुमच्या घरातही आठवत असेल. तारली आली तरी ती धरायला जाण्याचे दिवस कमी झाले. आणि मासळी राज्याची हद्द मानत नाही. ती आपल्याकडे सरकली तशा दक्षिणेकडच्या मोठ्या बोटीही तिच्यामागे सिंधुदुर्गाच्या पाण्यात येतात. बारा सागरी मैलांच्या आतलं भांडण राज्याराज्यांतलं राहतं. तारलीचा साठा एकच धरून केरळ, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र यांनी एकत्र बसून मोजणी आणि आकाराचे नियम केले नाहीत, तर एका राज्याने वाचवलेलं पिल्लू दुसऱ्या राज्यात कारखान्यात जाईल. आइसलँडवाल्यांचं भांडण देशादेशांतलं होतं. आपल्याकडे निदान देश एक आहे.

वहीबद्दल. ती जपा, आधी भिजण्यापासून वाचवा. पानांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा, बांधणी सोडवू नका. १९८५ च्या आधीच्या कोकणातल्या रापणीच्या, गावपातळीवरच्या नोंदी फार थोड्या आहेत, आणि पाहुणी तारली किती वेळा, कोणत्या महिन्यात यायची, हे सरकारी गोळाबेरजेतून कळत नाही. आजोबांनी तारखांऐवजी तिथ्या लिहिल्या असतील. अश्विन वद्य पंचमी असं काही. त्या वर्षाचं पंचांग काढून तारीख लावता येते, मी अशा दोन वह्या लावून पाहिल्या आहेत. मासळीचं नाव आजोबांनी लिहिलं असेल तसंच ठेवा, पेडवे लिहिलं असेल तर त्याचं तारली करू नका, त्या वेगळ्या जाती असू शकतात. रापण रिकामी आली त्या दिवसाची नोंद असेल तर तिच्यावर खूण करा. मला सगळ्यांत आधी ती पानं वाचायची आहेत.